बिनचष्म्याचा चेहरा

काकूंच्या घरातलं जेवायचं टेबल आठवडाभर जेवणासाठी उरलंच नव्हतं. टेबलभर नवऱ्याचे फोटो पसरलेले, आणि समोरच्या भिंतीला ओळीने टेकवून ठेवलेली, नवऱ्याने स्वतःच स्वतःची काढलेली बारा चित्रं. ताट मांडायचं तर कुठे? काकू ओट्यापाशी उभ्यानेच दोन घास खायच्या आणि एवढ्या सगळ्या नवऱ्यांकडे आळीपाळीने बघायच्या. आणि गंमत म्हणा, दुर्दैव म्हणा, त्यांतला एकही त्यांना धड आपला नवरा वाटत नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला तो माणूस ओळखू येत नाही म्हणजे काय? तेच तर! काकूही स्वतःला तेच विचारत होत्या. डोळे मिटले की कधी फोटोतला चेहरा पुढे यायचा, कधी चित्रातला. दोघांना बाजूला सारून खऱ्या माणसाला बोलवायला जावं तर तो येतच नव्हता. माणूस जाऊन वर्षही झालं नाही आणि चेहरा हातातून सुटला, या विचाराने काकूंना घास गिळवत नव्हता.

चित्रकार मोठा माणूस. त्यांच्या चित्रापुढे लोक आधी वाकून कोपऱ्यातली सही बघत आणि मगच चित्र आवडून घेत. ते गेल्यावर गॅलरीने मोठं प्रदर्शन ठरवलं. एका भिंतीवर फोटो, समोरच्या भिंतीवर ही बारा चित्रं. मधून लोकांनी चालायचं आणि मान इकडे-तिकडे वळवून बघायचं, एकच माणूस कॅमेऱ्याला कसा दिसला आणि स्वतःला कसा दिसला.

आणि दिसला कसा? फोटोंत बघाल तर जाड चष्मा, वर चढलेले गाल, मान मागे टाकून खो-खो हसणं. कुणाच्या खांद्यावर हात, कुणाच्या हातावर टाळी. एका फोटोत तर हसता हसता चहा शर्टावर सांडलेला. आणि चित्रांत? चष्मा नाही. दोन भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या, डोळे बारीक केलेले, ओठ घट्ट मिटलेले. कुणीतरी पायावर पाय दिलाय आणि भिडेखातर बोलता येत नाही, असा चेहरा. त्यात हे सद्गृहस्थ बघणाऱ्याकडे बघतच नाहीत. नजर आपली बाजूला, जरा खाली. बारांपैकी अकरा चित्रांत हेच.

फक्त एक चित्र वेगळं होतं. त्यात कपाळ स्वच्छ, नजर समोर, आणि हसू ओठांच्या कडेला येऊन थांबलेलं. फोटोतल्या माणसाशी जुळणारं तेवढं एकच. गॅलरीच्या मॅडमनी तेच निमंत्रणपत्रिकेवर छापलं होतं.

या मॅडम वाईट नव्हत्या हो. मऊ बोलायच्या, आल्या की आधी काकूंच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या. भिंतीवर लावायचा मजकूर त्यांनी मोठ्या अक्षरांत छापून आणला होता. काकूंनी तो हात लांब धरून वाचला. जन्म, शिक्षण, बक्षिसं, सगळं बरोबर. शेवटी लिहिलं होतं, ‘लोकांत मनमोकळा हसणारा हा कलावंत घराच्या चार भिंतींत मात्र एकटा होता. आरशासमोर बसल्यावर तो स्वतःच्याही नजरेला नजर देऊ शकत नसे.’

“मला चित्रं बघून असं वाटलं,” मॅडम म्हणाल्या. “तुम्हाला पटलं तरच लावू. तुम्ही जवळून पाहिलंय, मी बाहेरची. एक मात्र मला अजून उमगलेलं नाही. पहिल्या चित्रांत नजर खूप खाली आहे, आणि जसजशी वर्षं जातात तसतशी ती थोडी थोडी वर येते. असं का?”

“मला काय ठाऊक,” काकू म्हणाल्या.

“असू दे. शनिवारी चित्रं न्यायला येते तेव्हा मजकुराचं सांगा. आणि त्यांचा आरसा आणि खुर्ची मिळाली तर फार बरं होईल.”

मॅडम गेल्या आणि काकू खुर्चीत बसल्या. घराच्या चार भिंतींत एकटा! अहो, त्या चार भिंतींत दुसरं होतं कोण? लेक लग्न करून गेल्यावर तर काकूच होत्या. म्हणजे बाहेर हसणारा माणूस घरी येऊन जिच्यामुळे आंबट तोंड करून बसायचा ती बाई कोण, हे आता भिंतीवर मोठ्या अक्षरांत लागणार. लोक वाचतील ते वाचतील, त्याचं काही एवढं नाही. पण ते खरं असलं तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आली, आणि तिच्या पाठोपाठ नणंदबाई. नणंदबाई म्हणजे चित्रकारांची धाकटी बहीण. जीभ आधी चालते, डोकं मागून येतं. चित्रांपुढून एक फेरी मारून त्यांनी निकाल दिला.

“हा माझा दादा नव्हेच! दादाचा तीळ उजव्या गालावर. हे बघा फोटोत. आणि या बाराही चित्रांत डाव्या गालावर. एवढा मोठा चित्रकार, स्वतःचा तीळ कुठे आहे हे कळत नव्हतं होय त्याला?”

“आत्या, आरसा!” लेक म्हणाली. “बाबा आरशात बघून काढायचे. आरशात बाजू बदलते.”

“बदलते म्हणजे? माझी तर कधी बदलली नाही.”

लेकीने पेनाने स्वतःच्या उजव्या गालावर ठिपका काढला आणि दोघींना न्हाणीघरातल्या आरशापुढे नेलं. तिघी त्या एवढ्याशा जागेत एकमेकींच्या कोपराखाली उभ्या. नणंदबाई एकदा आरशातल्या ठिपक्याकडे बघायच्या, एकदा भाचीच्या गालाकडे, आणि मग हवेत हात फिरवून उजवं-डावं मोजायच्या.

“हे असं तोंड केलं तर उजवा... आणि तिकडून बघितलं तर... छे, माझ्या डोक्याचा भुगा झाला. वहिनी, तू सांग. दादाचा तीळ कुठल्या गालावर?”

काकूंनी तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं. आठवेना. रोज सकाळी हा माणूस समोर बसून चहा प्यायचा. आजारपणात त्याचं तोंड ओल्या रुमालाने पुसलं. आणि तीळ कुठे होता?

“आठवत नाही?” नणंदबाई म्हणाल्या. “चाळीस वर्षं झाली गं वहिनी!”

“आत्या, पुरे,” लेक म्हणाली.

“मी कुठे काय म्हणतेय? तीळ आरशाने हलवला, मान्य. पण तोंड कशाने उतरलं त्याचं? लहानपणापासून हसरा पोर आमचा. बाहेर हसायचा ते फोटोत दिसतंय, आणि घरी बसला की हे असं. मी आपली काही बोलत नाही.”

न बोलता एवढं बोलून नणंदबाई चहा पिऊन गेल्या. लेक म्हणाली, “तिचं मनावर घेऊ नकोस, तिच्या जिभेला हाड नाही.” काकू हो म्हणाल्या. पण मनावर घ्यायचं ते तर त्यांनी केव्हाच घेतलं होतं.

कारण ती चित्रं काढताना काकू त्या खोलीतच असत. हे मॅडमना ठाऊक नव्हतं, नणंदबाईंना ठाऊक नव्हतं, आणि काकूंनी कधी कुणाला सांगितलंही नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? चार-दोन वर्षांनी केव्हातरी चित्रकारांना स्वतःला काढायची हुक्की यायची. मागच्या खोलीत आरसा पुसून घ्यायचे, खुर्ची ओढायचे, चष्मा काढून खिशात टाकायचे. काचा चमकतात, म्हणायचे. मग हाक मारायचे, “अगं, ये. बस इथे मागे.” काकू विणकाम घेऊन त्यांच्या पाठीमागे बसायच्या. काकूंना वाटायचं, ब्रश पुसायला चिंधी लागेल, चहा लागेल, म्हणून बसवून ठेवलंय. पण ना चिंधी मागायचे, ना चहा. मध्येच काकूंनी मान वर केली की आरशात नवऱ्याचं ते आंबट तोंड दिसायचं.

“काय बिनसलं?” काकू विचारायच्या.

“काही नाही. हलू नकोस.”

हे ‘हलू नकोस’ काकूंना फार लागायचं. आपण मागे बसून सुया हलवतो त्याचाही या माणसाला त्रास होतो, तर मग बोलावतो कशाला? एकदा त्या उठून जायला निघाल्या, तर “कुठे चाललीस?” म्हणून केवढ्याने ओरडले! बसलं तर हलू नकोस, उठलं तर जाऊ नकोस. काय समजायचं माणसाने?

आणि ते बारांतलं एक स्वच्छ चित्र? त्या वर्षी काकू लेकीच्या बाळंतपणाला तिच्याकडे जाऊन राहिल्या होत्या. परत आल्या तर हे चित्र तयार. आठी नाही, काही नाही, नजर समोर. “छान आलंय,” काकू म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. आत जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या. आपण घरात नव्हतो, तर याचं कपाळ उलगडलं. तेव्हाच विचारायला हवं होतं. पण अशा गोष्टी विचारायला धीर लागतो, आणि उत्तर ऐकायला त्याहून जास्त. आज विचारू, उद्या विचारू करता करता माणूसच निघून गेला.

शुक्रवारपर्यंत काकूंचं ठरलं. मॅडमनी लिहिलंय ते राहू द्यावं. परक्या बाईला नुसत्या चित्रांवरून जे दिसलं, ते आपल्याला इतकी वर्षं दिसूनही आपण मान्य केलं नाही, एवढंच. खोटं तरी कशाला बोलायचं?

शनिवारी सकाळी लेक मदतीला आली. चित्रं गुंडाळायची होती, आरसा पुसायचा होता. चित्रकार गेल्यापासून मागच्या खोलीत कुणी फिरकलं नव्हतं. आरशावर धुळीचा थर. लेक बापाच्या खुर्चीत बसली आणि जोरजोरात आरसा घासायला लागली. लेक म्हणजे सहीसही बाप. तोच तोंडवळा, तेच कपाळ, आणि डोळ्यांचा नंबरही बापाचाच घेतलेला. धुळीने चष्मा भरला तसा तिने तो काढून मांडीवर ठेवला.

काकूंचे गुडघे बोलायला लागले होते. मागे त्यांची जुनी वेताची खुर्ची होती. त्या सवयीने तिच्यात जाऊन टेकल्या.

“आई? कुठे गेलीस? मागे आहेस का?” लेकीने आरशातच डोळे बारीक केले, कपाळाला आठ्या घातल्या, ओठ मिटले आणि नजर डावीकडे, जराशी खाली वळवली.

काकू खुर्चीतून पुढे झुकल्या. आरशात ते बसले होते. हुबेहूब.

“हलू नकोस!” काकू ओरडल्या.

“काय झालं? पाल आहे का?”

“पाल नाही काही. तशीच बस. कुठे बघतेयस तू?”

“तुझ्याकडे. आणखी कुठे बघणार?”

“मग आठ्या कशाला घातल्यास? माझा राग आलाय?”

“राग कसला, आई! चष्मा नाही डोळ्यांवर. आरशातलं माझं तोंड दिसतं ठीक, जवळ आहे ते. तू लांब आहेस. नुसता गठ्ठा ठेवल्यासारखी दिसतेस. डोळे ताणले तर जरा कळतं की आई आहे.”

काकू उठल्या. गुडघे विसरून उठल्या. बाहेर जाऊन सगळ्यांत शेवटचं चित्र घेऊन आल्या आणि आरशाला टेकवून उभं केलं. लेकीने चष्मा लावून ते बघितलं, मग चष्मा काढून पुन्हा आरशात बघितलं. नजर तिथेच जात होती. डावीकडे, जराशी खाली, वेताच्या खुर्चीवर.

“माझ्याकडे कशाला बघतील?” काकू म्हणाल्या. “मागे खिडकी आहे. खिडकीकडे बघत असतील.”

“खिडकी वर आहे, आई. ही नजर खाली आहे.” मग लेक थबकली. “पण थांब. आधीच्या चित्रांत नजर याहूनही खाली आहे. तिथे तर काहीच नाही. मग हे जुळत नाही.”

दोघी पुन्हा गोंधळल्या. आता कुठे काहीतरी हाताला लागत होतं, तेही निसटतंय की काय असं काकूंना झालं. त्या बारीक आवाजात म्हणाल्या, “ही खुर्ची तर अलीकडची. गुडघे धरायला लागले तेव्हा त्यांनीच आणली. त्याआधी मी स्टुलावर बसायचे. ते बुटकं स्टूल, तुझ्या खेळण्यांच्या कपाटापुढचं.”

“आणि त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी कुठलं स्टूल आलंय? खालीच बसायचे, चटईवर.”

लेक जाऊन स्टूल घेऊन आली. काकू स्टुलावर बसल्या. लेकीने मधलं एक चित्र आणून आरशाला लावलं आणि चष्मा काढून बघितलं. मग पहिलं चित्र आणलं, चित्रकारांच्या काळ्याभोर केसांचं.

“आई, खाली बस.”

“गुडघे काय तुझ्या बापाने नवीन आणून ठेवलेत?”

“बस गं!”

काकू स्टुलाला धरत, आई गं आई गं करत जमिनीवर बसल्या. आरशात लेकीची नजर त्यांच्याबरोबर खाली खाली उतरली आणि थांबली. चित्रातली नजरही तिथेच थांबली होती.

लेक स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “पण एक मला कळत नाही. आरशात बघून स्वतःचे डोळे काढायचे, तर आपल्याच डोळ्यांत बघावं लागतं. मी तुझ्याकडे बघते तेव्हा मला माझे डोळे दिसतच नाहीत. आणि दिसले की मी तुझ्याकडे बघत नसते. मग बाबांनी हे काढलं कसं?”

“कसं?”

“तुझ्याकडे बघायचं, आपला चेहरा कसा झाला असेल ते मनात धरायचं आणि मग काढायचं. केवढी कटकट! समोर बघणारे डोळे काढणं किती सोपं होतं. हे चुकून झालेलं नाही, आई. मुद्दाम केलंय. अकरा वेळा.”

काकूंना आधी राग आला. खरंच सांगते, आधी रागच आला. “चाळीस वर्षांत एकदा सांगायला काय जीभ झिजली असती? हलू नकोस म्हणे! अरे, का हलू नको ते तरी सांग! मी इथे बसून झुरतेय, आणि हा माणूस तिकडे...” लेक उठून त्यांच्याजवळ खाली येऊन बसली. पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि तिचेही डोळे वाहत होते.

दारावरची बेल वाजली तेव्हा काकू तिथेच होत्या. एकदा खाली बसल्यावर उठणं त्यांच्या हातात नव्हतं. मॅडम आत आल्या, बाईंना जमिनीवर बघून घाबरल्या. “काकू, पडलात की काय?”

“पडले नाही. जागेवर बसलेय. ते शेवटचं वाक्य काढून टाका.”

“अं? मजकुरातलं?”

“चार भिंतींत एकटा, ते. एकटे नव्हते हो. मी होते इथे. या इथे.” काकूंनी जमिनीवर थाप मारली.

लेकीने सगळं सांगितलं. आरसा, चष्मा, चटई, स्टूल, खुर्ची. मॅडमना ते एकदम पचनी पडलं नाही. त्या बापड्या आरशापुढे बसल्या, इकडे बघ, तिकडे बघ, उजवं कुठलं, डावं कुठलं, सगळं करून झालं. मग पहिल्या चित्रापुढे उकिडव्या बसून राहिल्या.

“म्हणून नजर वर येत गेली,” त्या हळूच म्हणाल्या. “मग पत्रिका तर चुकलीच माझी. त्या स्वच्छ चित्रात तुम्ही नाहीच.”

“असू दे,” काकू म्हणाल्या. “ते चित्र त्यांनी स्वतःचं काढलंय. ते राहू दे.”

“मग भिंतीवर काय लिहू?”

काकूंनी विचार केला. “तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. फक्त तीळ कुठल्या गालावर ते मला विचारू नका.”

दोघींनी काखेत हात घालून काकूंना उठवलं. मॅडमची माणसं आली, एकेक चित्र गुंडाळून बाहेर नेऊ लागली. शेवटचं चित्र उचलायला आले तेव्हा काकू म्हणाल्या, “जरा थांबा.” त्या चित्राच्या डाव्या हाताला, नजर पडते तिथे जाऊन उभ्या राहिल्या. तरी नीट जमेना, तेव्हा गुडघ्यांवर हात ठेवून थोड्या वाकल्या. त्या आठ्या, ते ताणलेले डोळे, घट्ट मिटलेले ओठ. किती जोर लावून बघत होता हा माणूस.

“काचा चमकल्या असत्या तर चमकल्या असत्या,” काकू त्याला म्हणाल्या. “चष्मा लावायचा ना, अहो. मी नीट दिसले तरी असते.”